दमट मातीतली साखर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



आज ज्या चित्रांविषयी बोलणार आहे त्यांत माणसे जवळजवळ नाहीतच. लुईझ बुर्ज्वा या चित्रकर्तीचा नऊ मुद्राचित्रांचा संच १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला. नाव, मराठीत सांगायचे तर, ‘तो संपूर्ण शांततेत नाहीसा झाला’.

लुईझचा जन्म १९११ सालचा, पॅरिसचा. घरी जुने विणलेले भित्तिपट दुरुस्त करण्याचा व्यवसाय. १९३८ साली अमेरिकन कला-इतिहासकाराशी लग्न करून ती न्यूयॉर्कला आली. लगेच महायुद्ध पेटले आणि माहेर दुरावले.

स्टॅन्ली हेटर यांची ‘आतलिए १७’ ही कार्यशाळाही युद्धामुळे १९४० साली पॅरिसहून न्यूयॉर्कला आली होती. मिरोसारखे अतिवास्तववादी तेथे काम करून गेले. लुईझ तेथेच कोरायला बसली. धातूच्या पत्र्यावर रेघ कोरायची, तीत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचा. कोरलेली रेघ सहजासहजी जात नाही.

तिने कोरल्या एकाकी उंच इमारती, शिड्या. अतिवास्तववादी हे लेबल तिला मान्य नव्हते. पण स्वप्नातले चमत्कारिक तर्कशास्त्र येथे आहेच. प्रत्येक चित्रासोबत छोटीशी गोष्ट आहे, आणि चित्र त्या गोष्टीचा उलगडा करीत नाही.

त्यातली एक गोष्ट अशी. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागात साखर दुर्मिळ. मुलांना नाताळात एकच खडा मिळे. एक मुलगी तो जमिनीत पुरून ठेवी, आणि माती दमट असते हे नेहमी विसरे. ती मुलगी म्हणजे लुईझची आई! ती १९३२ सालीच वारली होती.

हे वाचले आणि मला माझी ट्रंक आठवली. आईच्या ओव्यांची वही मी पंचवीस वर्षे तीत जपून ठेवली होती. एका पावसाळ्यात उघडली, तर सारी शाई पसरलेली.

तेव्हा त्या संचाच्या फार प्रती खपल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लुईझचे मोठे प्रदर्शन भरले ते १९८२ साली, तिच्या सत्तरीत. पण आईची साखर तिने पुरून ठेवली नाही, पत्र्यावर कोरली.

आपणही गाव सोडून आलेली माणसे. आज घरी गेल्यावर मुलांना आपल्या आईची एक गोष्ट सांगा. एवढेच मागणे.