आधी बोर्डाची ओळ वाचा

परवा मामेभाऊ गेमिंग पीसीचं कोटेशन घेऊन आला. दोन वर्षं साठवलेले पैसे. "दादा, आय-सेव्हन बसतोय बजेटमध्ये!" बसत होता खरा, पण मदरबोर्ड सगळ्यात स्वस्तातला, आणि ग्राफिक्स कार्डाला पैसेच उरत नव्हते. गेममध्ये फ्रेम्सचा मुख्य भार कार्डावर असतो. मिड-बजेटला सहा कोरचा प्रोसेसर पुरतो.

खरा प्रश्न सॉकेटचा. एएमडीचं एएम४ बघा: २०१७चा पहिला रायझन त्यात बसला आणि २०२२चा ५८००एक्स३डीसुद्धा. बऱ्याच जुन्या बोर्डांना फक्त बायोस अपडेट लागलं. इंटेलने मात्र १२ ते १४ या तीन पिढ्यांनंतर सॉकेट बदललं.

म्हणून आम्ही रायझन ७६०० आणि बी६५० बोर्ड ठरवला. सॉकेट एएम५; ते २०२७ पर्यंत तरी चालवू असं एएमडीने जाहीर केलंय. फक्त रॅम डीडीआर५च घ्या, जुनी डीडीआर४ त्यात बसतच नाही. वाचलेले पैसे कार्डाला.

भाऊ थोडा हिरमुसला. मित्रांना सांगायला आय-सेव्हन नाही ना! पण उद्या नुसता प्रोसेसर बदलून काम भागलं, तर दादाची आठवण काढेल.

चला, भेटू पुढच्या भागात!