कोळशाच्या गांवांतील हवाई

हवाई बेटें पॅसिफिक महासागराच्या मध्यावर. जपानपासून सुमारें ६,००० किलोमीटर दूर. परंतु टोकियोच्या ईशान्येस, इवाकी शहरांत, एका प्रचंड छताखालीं ताडामाडांचीं झाडें उभीं आहेत आणि तेथें हवाईचें हुला नृत्य चालतें. बाहेर हिवाळ्याची बोचरी थंडी असते. या विसंगतीचें श्रोत्यांस प्रथम हसूं येईल. कारण समजल्यावर तें मावळेल.

जोबान नांवाचा हा मुलूख कोळशाचा. तेथील खाणींना एक जन्मजात खोड होती: जमिनींतून कढत पाणी उसळे. एक टन कोळसा वर यावयाचा तर चाळीस टन पाणी उपसावें लागे, असा हिशेब सांगितला जाई. पुढें तेल स्वस्त झालें, कोळशास गिऱ्हाईक उरेना, आणि खाणीवर जगणाऱ्या कुटुंबांपुढें उद्यांची भ्रांत उभी राहिली. ज्या पाण्याला पिढ्यानुपिढ्या शिव्या दिल्या त्याच्याच उष्णतेवर पोट भरतां येईल, ही कल्पना कंपनीचे उपाध्यक्ष युताका नाकामुरा यांची. सहलीसाठीं परदेशीं जाण्याची मोकळीक सामान्य जपानी माणसास १९६४ सालीं मिळाली खरी. पण तेवढा पैसा कितीजणांच्या गांठीं? तेव्हां हवाईच दारीं आणावी!

नर्तकी मात्र बाहेरच्या नकोत, असा आग्रह होता. १९६५ सालीं कंपनीनें नृत्यशाळा काढली. पहिल्या तुकडींत अठराजणी. त्यांत खाणकामगारांच्या लेकी होत्या. गांवांत गदारोळ उडाला. उघड्या पोटानें चारचौघांत नाचणारी मुलगी कोणत्या बापास रुचावी? हुलाच्या नशिबीं हें नवें नव्हतें. खुद्द हवाईंत, ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानू हिनें १८३० सालीं जाहीर हुलास बंदी केली होती; राजा कालाकाउआ यानें पुढें त्याला दरबारीं मानाचें स्थान परत दिलें. हें नृत्य म्हणजे नुसता कंबरेचा झोका नव्हे. गीतांतील लाट, वारा, फूल हातांनीं बोलावयाचें असतें, आणि गीत न समजतां केलेला हुला मुका राहतो. शिक्षिका कालेइनानी हायाकावा हवाईंत शिकून आल्या होत्या, हें त्या मुलींचें भाग्य.

जानेवारी १९६६ मध्यें ‘जोबान हवाईयन सेंटर’ उघडलें. काल खाणींत उतरणारे कामगार आज पाहुण्यांची सरबराई करूं लागले. शेवटची खाण १९७६ सालीं बंद पडली, सेंटर टिकलें.

यास हवाईची संस्कृति म्हणावी काय? तिकीट काढून पाहण्याचा हा खेळ. त्यांत ताहितीचीं नृत्येंही मिसळलेलीं. बेटांवर पिढीजात गुरुमुखानें चालणाऱ्या विद्येशीं त्याची तुलना करणें अन्यायाचें होईल. तरी उसनी घेतलेली कला उसनीच राहते असें नाहीं. तिच्यासाठीं काय सोसलें, यावरही कांहीं ठरतें.

११ मार्च २०११ रोजीं भूकंप झाला. बिघडलेलें अणुवीज केंद्र इवाकीच्या उत्तरेस अवघ्या पन्नासएक किलोमीटरांवर. सेंटर बंद झालें. कांहीं नर्तकींचीं स्वतःचीं घरें सुटलीं. मे महिन्यांत त्या पुन्हां बाहेर पडल्या, १९६५ सालीं पहिल्या मुली गांवोगांव फिरल्या होत्या तशाच. निर्वासितांच्या छावण्यांत, चटयांवर बसलेल्या वृद्धांपुढें, त्यांनीं हुला केला. ऑक्टोबरांत सेंटरचा कांहीं भाग उघडला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्यें सर्व.