ज्यांच्या हवाली आपण असतो



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानात माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र पोलीस आणि रुग्णवाहिकेवरील माणसे यांच्याविषयी बोलणार आहे. आरंभ तरी शब्दापासूनच करतो.

‘हवाला’ म्हणजे सोपविलेली गोष्ट. ज्याच्याकडे ती सोपविली तो हवालदार. शिवकाळात हवालदार हा गडाचा मुख्य अधिकारी असे, किल्ल्याच्या चाव्या त्याच्या ताब्यात असत. आज हा शब्द उच्चारताना आपल्या स्वरात किंचित तुच्छता येते. शब्दाचा दर्जा घसरतो तेव्हा, माझ्या समजुतीप्रमाणे, त्यामागे त्या माणसाशी असलेले समाजाचे वर्तन असते.

२०१७ च्या एका रात्री माझ्या पत्नीच्या छातीत कळा येऊ लागल्या. एका संस्थेची रुग्णवाहिका आली. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तीतला तरुण आदिलाबादकडचा निघाला. “आजी, बोलू नका, हात असाच ठेवा,” असे तो मराठीत म्हणाला आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती मी उतरताना पाहिली. पत्नी वाचली. त्याचे आभार मानावयास मला सव्वा वर्ष लागले, आणि मी गेलो तेव्हा तो तेथे नव्हता. पुढे एका औषधाच्या दुकानात तो मला भेटला. औषधकंपनीचा प्रतिनिधी झाला होता. म्हणाला, “सर, काम आवडत होते. पण बारा तासांची पाळी कधी सोळा तासांची होईल ते सांगता येत नसे. मुलगी झोपल्यावर घरी जायचो आणि ती उठायच्या आत निघायचो.” अपघात, रक्त, मृत्यू यांपैकी कशाचीही तक्रार त्याने केली नाही.

१०८ क्रमांकाची रुग्णसेवा आपल्याच शहरात १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली आणि येथून ती अनेक राज्यांत गेली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु अशा कोणत्याही सेवेचा विस्तार आपण वाहनांच्या संख्येने मोजतो. आत बसणारा शिकलेला, सरावलेला माणूस टिकला की निघून गेला, ही मोजदाद कोणी ठेवत नाही.

पोलिसांची गोष्ट थोडी निराळी. सरकारी नोकरी सहसा कोणी सोडत नाही. तेथे माणूस खुर्चीवर राहतो आणि मनाने निघून जातो, किंवा ठाण्यातून कचेरीत बदली मिळावी म्हणून खटपट करतो. याची कारणे शोधण्यासाठी दूर जावयास नको. येथल्याच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने २०१४ मध्ये देशभरातील पोलीस ठाण्यांचा अभ्यास केला. सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून अधिक काम करतात आणि जवळजवळ तीनचतुर्थांशांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुटी मिळत नाही, असे त्यात आढळले. १ जानेवारी २०२० रोजी देशात पोलिसांची ५ लाख ३१ हजारांवर पदे रिक्त होती. रिकाम्या जागेचे काम हजर असलेल्याच्या माथी येते, तो थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून जो शब्द निघतो तोच नागरिकाच्या लक्षात राहतो. उद्धटपणाचे मी समर्थन करीत नाही. चौकीवर मीही अपमान गिळलेला आहे.

यावर उपाय केवळ पैशाचाच असतो असे नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो सुचविला एका शिपायाने, आणि आहे त्याच मनुष्यबळाची फेरमांडणी करून! वरिष्ठांनी त्याचे ऐकले, ही मला त्यातली अधिक मोठी गोष्ट वाटते. २१ ऑक्टोबरला आपण हुतात्मा पोलिसांना मानवंदना देतो, १४ एप्रिलला मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या अग्निशामक जवानांचे स्मरण करतो. ते उचितच आहे. जिवंत असलेल्यांना मात्र रजा, घर आणि मुलांची शाळा हवी असते.

शाळेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या प्रवेश समितीवर होतो. ऑगस्टमध्ये एक हेड कॉन्स्टेबल, म्हणजे आपल्या भाषेतला हवालदार, बदली होऊन आला आणि मुलीला घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. मुलीच्या हातात पाचवीचे मराठीचे पुस्तक होते, त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. प्रवेश बंद झाले होते. नियम मीच वाचून दाखविला, आणि तो स्वच्छ शब्दोच्चारात वाचला याचे तेव्हा मला समाधानही वाटले होते. हवालदाराने आम्हांला सलाम केला आणि तो मुलीला घेऊन गेला. ती पुढे मराठी शिकली की नाही, मला ठाऊक नाही.

आज येथे संस्थेचे कार्यकारी मंडळ बसले आहे. प्रत्येक वर्गात दोन जागा दसऱ्यापर्यंत मोकळ्या ठेवाव्यात; पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांत काम करणाऱ्यांच्या, बदलीने येणाऱ्या मुलांसाठी. गणेशविसर्जन, मोहरम, बोनालू यांच्या बंदोबस्ताच्या दिवसांत ज्यांच्या घरी कोणी नसते त्यांच्यासाठी एक वर्ग रात्री नऊपर्यंत उघडा असावा; त्या दिवसांत तेथे बसावयास मी येईन. ठराव लिहून आणला आहे. भाषण संपताच तो अध्यक्षांच्या हाती देतो.