पाडण्याआधीचे आठ दिवस

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'बांधकाम क्षेत्रातले अनुभव' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. बांधण्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आज पाडण्याबद्दल बोलतो. कारण सकाळीच आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून ठरवलं, की शाळेच्या मागच्या अंगाच्या चार जुन्या खोल्या पाडायच्या आणि तिथं सभागृह बांधायचं. टाळ्या मीही वाजवल्या. त्यातल्या एका खोलीबाहेर मी अंगठे धरून इतका वेळ उभा राहिलोय, की ती पडताना मला फार दुःख होईल असं नाही!

पण आधी एक कबुली द्यायची आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी इथलंच आमचं जुनं घर पाडलं. माळवदाचं घर, दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. मी पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आलो होतो. जेसीबी लावला, दुसऱ्या दिवशी दुपारी जागा मोकळी. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "साहेब, हे कुठं टाकू?" मी फोनवर बोलत होतो. म्हणालो, "टाक कुठंतरी."

ते 'कुठंतरी' म्हणजे आमच्या गल्लीमागचा ओढा निघाला. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला वाट राहिली नाही आणि पाणी पलीकडच्या तीन घरांत शिरलं. त्यातलं एक घर आपल्याच वर्गातल्या मित्राचं होतं. तो आज इथं बसला आहे. त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. मला ते आईकडून कळलं. मित्रा, आज सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो.

त्या ढिगात काय काय गेलं, हे मला नंतर सुचलं. घडीव काळा दगड गेला. आणि पांढरी गेली. इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको, पडक्या घरांची, गढीची पांढरी माती आपल्याकडं माळवदावर टाकायला मुद्दाम आणायचे. उरली तर शेतात खत म्हणून जायची. दगड पुन्हा भिंतीत, तुळई पुन्हा तुळईला, नाहीतर चौकटीला, आणि अगदीच कामाचं न उरलेलं लाकूड चुलीत. आजोबांच्या पिढीत घर पडायचं, पण राडारोडा फारसा उरत नव्हता.

हे त्यांना जमायचं, याला एक साधं कारण आहे. माती आणि चुना दगडाला सोडतात. सिमेंट सोडत नाही. सिमेंटमधली वीट काढायला गेलं तर सांध्याऐवजी वीटच फुटते. त्यात यंत्रानं पाडलं, की दगड, माती, सळई, फरशी, प्लॅस्टिकचे पाइप, वायर सगळं एकत्र कालवलं जातं. वेगवेगळं असताना यातल्या बहुतेक वस्तूंना गिऱ्हाईक असतं. कालवल्यावर ते उचलून न्यायलाच पैसे मोजावे लागतात.

म्हणून २०१६ साली केंद्र सरकारनं बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले, त्यांचा भर वर्गवारीवर होता. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट, माती, विटा व गिलावा, आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार भाग करायचे, असं त्यात सांगितलं. त्याच वर्षी भारतीय मानक ३८३ सुधारलं गेलं. जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये १०० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के वापरायला मुभा मिळाली. दिल्लीत बुराडीला २००९ पासून राडारोड्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे. मुंबई-पुण्यातही असे कारखाने आले. आपल्यासारख्या गावातून तिथवर ट्रक पाठवणं परवडणारं नाही. म्हणजे आपला कारखाना आपल्याच आवारात, घमेलं, कुदळ आणि चार माणसं.

आता आपल्या खोल्या. मधल्या सुट्टीत मी टेप घेऊन मोजून आलो. चार खोल्यांची शंभर फुटांची ओळ, वीस फूट रुंदी, दहा फूट उंची, दीड फुटाच्या भिंती. दारं-खिडक्या वजा जाता साधारण ४० ब्रास दगडकाम. वजन अडीचशे टनांच्या घरात. पाडल्यावर ढीग फुगतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या पन्नासएक खेपा धरा. एवढं सगळं 'कुठंतरी' जाणार आहे. रोजचा हिशेब ठेवला आणि काम सावकाश केलं, तर आपण २०१६ च्या चार भागांच्या त्या सक्तीत बसलोही नसतो. लहान गावातली बहुतेक पाडकामं अशीच मर्यादेखालून निसटत आली. म्हणूनच आपले ओढे भरत आले आहेत.

या भिंती चुन्यातल्या आहेत, हे आपलं नशीब. दगड अख्खा निघेल. सभागृहाचा चौथरा, कुंपणाची भिंत आणि मैदानाच्या पायऱ्या त्यातच होतील. छपराच्या सागवानी कैच्या सुतारानं उतरवायच्या. शहाबादी फरशी सुटी काढायची. व्हरांड्याचा स्लॅब नंतरचा आहे, तो फोडून सळई भंगारात द्यायची आणि तुकडे चौथऱ्याच्या भरावात घालायचे. एक काळजी मात्र घ्यायची. मागच्या दोन खोल्यांवरचे सिमेंटचे पत्रे फोडायचे नाहीत. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात बसते. ते ओले करून अख्खे उतरवायचे आणि वेगळे ठेवायचे.

कुणी विचारेल, किल्लारी विसरलास का? नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपणही अंथरुणातून अंगणात आलो होतो. तिथं रुंद दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं माणसांवर कोसळली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर आपल्या भागातल्या लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. पण त्या भिंतींत आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता, मध्ये नुसती भर होती. म्हणून मी जुना दगड सभागृहाच्या भिंतींना वापरा म्हणत नाही. त्या सळईच्या काँक्रीटच्या चौकटीतच होऊ द्या. जिथं दगड वापरू, तिथं आरपार जाणारे जोडदगड हवेत आणि सांधे सिमेंटचे हवेत.

ठेकेदार म्हणतो, दोन दिवसांत जागा साफ करून देतो. हातानं सोडवायला आठ दिवस जास्त लागतील, मजुरीही जास्त जाईल. ती आपल्या बॅचच्या वर्गणीतून द्यावी, अशी माझी सूचना आहे. दगडाची आणि खेपांची बचत धरली, तर त्यातली बरीच परत येईल. आणि त्या आठ दिवसांची रजा मी टाकली आहे. या वेळी फोन बंद ठेवून उभा राहीन.

ट्रॅक्टरवाल्यानं "कुठं टाकू?" विचारलं, तर त्याला दाखवायला माझ्याकडं जागा असेल. ती याच आवारात असेल.