स्थानिक हातांतील ड्रोन : एका वर्षाची आखणी

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे दगावली. मदतीच्या ओघाबरोबर परदेशी पथकांचे ड्रोनही काठमांडूच्या आकाशात आले. कोण उडवतो आहे, काय टिपतो आहे, टिपलेले कुठे जाते आहे, याचा मेळ लागेना. काही दिवसांतच नेपाळ सरकारने ड्रोनवर निर्बंध घातले. पडलेल्या घरांचे फोटो निघत होते, पण ज्यांची घरे पडली त्यांच्या हाती ते क्वचितच लागत होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काठमांडू विद्यापीठात वेगळ्या पद्धतीचे काम सुरू झाले. विद्यार्थ्यांनी ड्रोन उडवायचे प्रशिक्षण घेतले आणि कीर्तिपूरजवळच्या पांगा या वस्तीचे हवाई चित्रण झाले. त्यातून तयार झालेला नकाशा मोठ्या, गुंडाळता येणाऱ्या फलकावर छापून वस्तीत नेला गेला. लोक भोवती जमले, नकाशावर आपापली घरे शोधली आणि पेनाने त्यावर खुणा केल्या. वरून शाबूत दिसणारे छप्पर आतल्या तडा गेलेल्या भिंतींची खबर देत नाही. ती खबर त्या घरात राहणाऱ्यालाच असते. ड्रोनने काढलेला नकाशा अशा खुणांशिवाय अर्धाच राहतो, आणि स्थानिक नेतृत्वाच्या कामाचा सारा आधार याच गोष्टीत आहे.

२०१५ मध्येच स्थापन झालेली वीरोबॉटिक्स ही ना-नफा संस्था या विचाराची सर्वांत ठळक वाहक आहे. अमेरिका आणि स्वित्झर्लंड येथे तिचा कारभार आहे, पण काम चालते ते ‘फ्लाइंग लॅब्स’ या जाळ्यातून. सुरुवात नेपाळ, टांझानिया आणि पेरूपासून झाली. पुढे हे जाळे तिसाहून अधिक देशांत पसरले आणि त्यात भारतही आला. एखादी लॅब म्हणजे मुख्य संस्थेची शाखा नसते. त्या त्या देशातील कंपनी, विद्यापीठ किंवा सेवाभावी संस्था ती स्वतःच्या जबाबदारीवर चालवते. प्रशिक्षण, सॉफ्टवेअरचे परवाने, छोटी अनुदाने आणि एकमेकांचा अनुभव या गोष्टी जाळ्यातून मिळतात. कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे स्थानिकांनी ठरवायचे. ड्रोन व्यवसायाच्या परिषदांत यंत्राच्या पल्ल्याची आणि कॅमेऱ्याची चर्चा भरपूर होते. हा निर्णयाचा हक्क त्याहून मोठा विषय आहे आणि त्याला परिषदांत अग्रक्रम मिळायला हवा.

अशा संस्थेची वर्षाची आखणी कशी व्हावी, याचे उत्तर या हक्कातूनच निघते. आखणीचे पहिले पान प्रश्नांचे असते: नदी कुठे काठ खाते आहे, कोणत्या आरोग्य केंद्रात औषध वेळेवर पोचत नाही, कोणत्या गावाच्या हद्दीचा वाद मिटत नाही. प्रश्न ठरल्यावर ड्रोन लागतो की नाही ते पाहायचे. पुष्कळदा लागत नाही, आणि तसे कागदावर लिहिणे हेही प्रामाणिक आखणीचे काम आहे. पैसा मात्र बहुधा उलट्या क्रमाने येतो. देणगीदार आधी यंत्र मंजूर करतो आणि मग त्याच्यासाठी काम शोधावे लागते. या रिवाजात बदल झाल्याशिवाय ‘स्थानिक नेतृत्व’ हे शब्द अहवालातच राहतील.

दुसरा भाग परवानगीचा आणि ऋतूचा. भारतात २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. त्यांत आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी आहे. वजनानुसार वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल आणि त्यापुढे मीडियम व लार्ज. वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवायला दहावी उत्तीर्ण आणि वय किमान १८ असावे लागते. दुसऱ्या देशात नियम दुसरे, आणि ते तोंडपाठ असलेला माणूस तिथल्याच लॅबमध्ये सापडतो. पावसाळ्याचे महिने चित्रणासाठी जवळजवळ हातातून जातात. त्या काळात प्रशिक्षण, नकाशांची जुळणी आणि यंत्रांची देखभाल बसवली की वर्ष वाया जात नाही. बॅटरीसारखी साधी बाबही इथे येते. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी महिनाभर कपाटात ठेवली तर फुगू शकते. म्हणून ती निम्म्याच्या आसपास भरून, थंड जागी ठेवायची असते. अंदाजपत्रकात बदली बॅटऱ्यांची तरतूद नसेल तर दुसऱ्या वर्षी तोच ड्रोन शोभेची वस्तू होतो.

चित्रणाचे तंत्र शिकवण्यासारखे आहे, अवघड नाही. ड्रोन शेत नांगरावे तसा एका तासाला लागून दुसरे तास घेत जातो आणि प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर साधारण ७० ते ८० टक्के चढलेला असतो. एकच झाड, एकच कौल अनेक कोनांतून दिसले की सॉफ्टवेअर त्यांची जागा व उंची काढते आणि शेकडो फोटो जोडून मापात बसणारा एक नकाशा तयार करते. टांझानियाच्या झांझिबार बेटांवर तिथल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी याच पद्धतीने बेटांचे चित्रण केले. बाहेरून विमान भाड्याने आणण्याची गरज उरली नाही, आणि काम करणारे हात तिथेच राहिले.

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनने करण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावात झाला. अशाच मोजणीसाठीची केंद्राची स्वामित्व योजना त्यानंतर, २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. या मोजणीत सर्वांत मोलाचे काम उड्डाणाआधी जमिनीवर होते. भूमिअभिलेखचे कर्मचारी, ग्रामपंचायतीची माणसे आणि घरमालक गल्लीगल्लीतून फिरतात आणि प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारतात. वरून ती पांढरी रेघ स्पष्ट दिसते. पण ती कुठे पडावी याचा निवाडा शेजाऱ्यांच्या समक्ष, उभ्याउभ्या करावा लागतो; वाद होतात, मिटतात, काही राहतात. ड्रोन पुढे काही मिनिटांत येऊन जातो. म्हणून वार्षिक आखणीत उड्डाणाला जेवढे दिवस, त्याच्या कितीतरी पट दिवस या फक्कीच्या कामाला द्यावेत.

मालवाहतुकीचा हिशोब वेगळा. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात कोंतामाना ते पाम्पा एर्मोसा हे सुमारे ४० किलोमीटरचे अंतर होडीने जायला सहा तासांपर्यंत लागतात. २०१६ च्या अखेरीस झालेल्या चाचणीत ड्रोनने सर्पदंशावरील औषध साधारण ३५ मिनिटांत पोचवले. नेपाळच्या प्यूठान जिल्ह्यात क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने ड्रोनने तपासणी केंद्रापर्यंत नेण्याचे काम २०१९ मध्ये सुरू झाले. अशा सेवेत खरा कस उड्डाणाचा लागत नाही. सकाळी नमुना भरून डब्याला झाकण लावणारी आरोग्यसेविका, उतरण्याच्या जागेवरून गुरे हाकणारा माणूस, नमुना पोचताच तपासणी करून निकाल कळवणारा तंत्रज्ञ, या साखळीतली एक कडी गैरहजर असली की वेगाचा उपयोग शून्य. चाचणीला निधी सहज मिळतो. रोजच्या सेवेतल्या या माणसांच्या पगाराला मिळत नाही. वर्षाच्या आखणीत तो पगार आधी लिहावा आणि यंत्राची किंमत नंतर.

राहता राहिली माहितीची मालकी. हवाई फोटोत घर, अंगण, विहीर, शेताचा बांध सारे उघडे पडते. चित्रणाआधी गावाला हेतू सांगून संमती घ्यावी. मूळ फोटोंची एक प्रत गावात किंवा जिल्ह्यात राहावी, आणि बाहेर कोणाला काय दिले याची नोंद ठेवावी. छापील नकाशाचा खर्च कित्येक प्रकल्पांत वगळला जातो. पांगाच्या लोकांनी ज्यावर खुणा केल्या तो फलकच वगळल्यासारखे ते आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला, त्याखाली चित्रणाची तारीख लिहिली आणि पुढच्या मोसमात तिथे पुन्हा उड्डाण करायचे की नाही हे गावसभेत ठरले, म्हणजे त्या वर्षाचे काम पूर्ण होते.