समुपदेशकाची घडण : हिंगोलीच्या गरजेतून



हिंगोली हा महाराष्ट्राच्या नकाशावरील तसा तरुण जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि शंभरातील सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहत होती. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांची नरसी आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद ही या भूमीची भूषणे होत. परंतु आणखी एका यादीत हिंगोलीचे नाव आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' हा समुपदेशन कार्यक्रम सुरू केला. त्या १४ जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश झाला.

या प्रकल्पाची कल्पना सुबोध आहे. आशा कार्यकर्तीने घरोघरी जावे, झोप, भूक, निराशा यांविषयी विचारपूस करावी आणि ज्याचे मन खचले आहे त्याला पुढील मदतीपर्यंत पोहोचवावे. येथपर्यंतचे काम गावची कार्यकर्ती निष्ठेने करू शकते. प्रश्न त्यापुढे सुरू होतो. खचलेला माणूस ज्याच्यासमोर येऊन बसेल, तो कोण असेल? त्याने काय शिकलेले असेल, कोठे शिकलेले असेल आणि कोणाच्या देखरेखीखाली? समुपदेशन मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विषय वरकरणी विद्यापीठातला वाटतो. प्रत्यक्षात तो सेनगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओसरीवरचा विषय आहे.

समुपदेशन म्हणजे उपदेश, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. संकटात सापडलेल्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगणारी माणसे आपल्या समाजात कमी नाहीत. 'धीर धर', 'लेकराबाळांकडे पाहा', 'सगळ्यांवरच वेळ येते', ही वाक्ये प्रेमापोटीच येतात. पण ती ऐकणाऱ्याच्या मनात अनेकदा उलटाच अर्थ उमटतो : माझे दुःख यांना कळलेले नाही, आणि ते बोलून दाखवण्यात अर्थही नाही. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. त्या संपूर्ण अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी केवळ एक छोटेसे वाक्य आहे, तेही अर्जुन शोकाकुल होण्यापूर्वीचे. एकदा अर्जुन बोलू लागला की अध्याय संपेपर्यंत त्याला कोणी अडवत नाही. अर्जुन सर्व सांगून मोकळा होतो, धनुष्य खाली ठेवतो आणि मग पुढील संवाद घडतो. समुपदेशनाच्या विद्यार्थ्याने त्या अध्यायातून हा क्रम अवश्य टिपावा.

आधुनिक काळात या क्रमाला शास्त्राचे रूप देण्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा मोठा वाटा आहे. समुपदेशन आणि मानसोपचार यांवरील त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरच्याला निखळपणे स्वीकारणे, त्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि स्वतः सच्चे असणे, या गोष्टींवर त्यांनी भर दिला. वाचताना त्या सोप्या वाटतात. परंतु समोरचा माणूस रडू लागला, गप्प राहिला किंवा संतापला, की त्यांचा कस लागतो. म्हणून ही विद्या केवळ पुस्तकाने येत नाही. पोहणे काठावर बसून शिकता येत नाही, तसेच हे आहे.

या शिक्षणाची तीन अंगे आहेत. पहिले ज्ञानाचे : व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, मनोविकारांची लक्षणे, चाचण्या, संशोधनाच्या पद्धती. दुसरे प्रत्यक्ष सरावाचे. तिसरे, आणि सर्वांत दुर्लक्षित, पर्यवेक्षणाचे. पर्यवेक्षण म्हणजे विद्यार्थ्याने केलेले संभाषण अनुभवी शिक्षकाने नंतर त्याच्याबरोबर तपासणे : येथे घाई झाली, येथे प्रश्नाऐवजी सल्ला दिला गेला, येथे धोक्याची सूचना निसटली. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारे मंडळ प्रत्येक विद्यार्थ्याकडून किमान १०० तासांचा प्राथमिक सराव आणि त्यानंतर ६०० तासांची उमेदवारी अपेक्षिते. यांपैकी अनुक्रमे ४० आणि २४० तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसण्याचे असावे लागतात, आणि त्या काळात पर्यवेक्षकाची भेट आठवड्यागणिक ठरलेली असते. तेथील सर्वच गोष्टी अनुकरणीय आहेत असे नाही. तथापि पदवी ही तासांनी आणि देखरेखीने मोजली जावी, हा आग्रह घेण्याजोगा आहे. उत्तम गुणांनी एम. ए. झालेला, पण पर्यवेक्षणाखाली एकाही दुःखी माणसाशी न बोललेला पदवीधर समुपदेशक म्हणून पाटी लावू लागला, तर त्यात समाजाचे आणि त्याचे स्वतःचेही अहित आहे.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा नाही असे मुळीच नाही. १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करणारे डॉ. अप्पा पेंडसे हे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते, आणि मानसशास्त्रीय संशोधन व प्रशिक्षण हे त्या संस्थेच्या कार्याचे अंग राहिले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच' या संस्थेने मनाचे आरोग्य हा विषय मराठी घरांत बोलण्याजोगा केला. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत आणण्याचे श्रेय कि. मो. फडके आणि डॉ. अंजली जोशी यांच्याकडे जाते. ही सारी कामे मोलाची आहेत. मात्र त्यांचा भूगोल पाहिला तर पुणे, ठाणे, मुंबई हीच नावे पुन्हा पुन्हा येतात. हिंगोलीचा विद्यार्थी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत शिकतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात, आणि हे चारही जिल्हे प्रेरणा प्रकल्पाच्या यादीत होते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खेड्यात पदव्युत्तर समुपदेशक हवेत कशाला? थोडे प्रशिक्षण दिलेले गावचेच कार्यकर्ते पुरेसे नाहीत का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला पुरावाही आहे. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेला अभ्यास डिसेंबर २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने प्रकाशात आणला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षित केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

मग पदव्युत्तर शिक्षण अनावश्यक ठरते काय? नेमके उलट. गोव्यातील समुपदेशक एकटे सोडलेले नव्हते. त्यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण गटात ऐकले जाई, त्यांवर चर्चा होई, गुणवत्ता मोजली जाई. 'विश्राम'मध्येही गावचा कार्यकर्ता, त्यावर समुपदेशक आणि त्यावर मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी होती. गावपातळीवरचा कार्यकर्ता जेवढा महत्त्वाचा, तेवढाच त्याला घडवणारा, सावरणारा आणि चुकल्यास थांबवणारा पर्यवेक्षकही. तालुक्यातालुक्यात असा पर्यवेक्षक उभा करणे, हेच हिंगोलीसाठी पदव्युत्तर समुपदेशन शिक्षणाचे खरे प्रयोजन ठरावे.

असा पर्यवेक्षक याच मातीत घडला पाहिजे. खेड्यातला माणूस 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. 'जीव लागत नाही', 'डोकं जड झालंय', 'छातीत धडधडतंय' असे तो म्हणतो आणि दवाखान्यात जाऊन इंजेक्शन मागतो. तांड्यावरची आई आपले दुःख बंजारा बोलीत सांगते. कळमनुरीच्या डोंगराळ भागातील आंध कुटुंबाचे ताण वसमतच्या बागायतदारापेक्षा निराळे असतात. कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, सोयाबीनचा पडलेला भाव हे या मनाचे संदर्भ. शिवाय गावात सर्व सर्वांना ओळखतात. कोण कोणाकडे जाऊन बसले, ही वार्ता संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. अशा ठिकाणी गोपनीयता कशी राखावी, हे महानगरातील बंद खोलीत सराव केलेल्याला आपोआप उमगत नाही. घरातील कीटकनाशक कुलपात ठेवण्याविषयी कुटुंबाशी नेमके कोणत्या शब्दांत बोलावे, हेही शिकावेच लागते, कारण त्या एका संभाषणाने जीव वाचू शकतो.

अनुकूलताही पूर्वीपेक्षा अधिक आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला स्थान मिळाले. हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार आणि गोपनीयता हे रुग्णाचे हक्क ठरवले. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने समुपदेशकांना आरोग्य व्यावसायिकांच्या अनुसूचीत स्थान दिले. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक देशभर उपलब्ध झाला. महाविद्यालय, रुग्णालय, आश्रमशाळा आणि आरोग्य केंद्र यांना जोडून विद्यार्थ्यांची उमेदवारी आखली, तर जिल्हा स्वतःची प्रशिक्षणभूमी होऊ शकतो.

ज्या घरातील मुलगा वा मुलगी या विषयाकडे वळत आहे, त्या पालकांनी प्रवेशापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. प्रत्यक्ष सराव किती तासांचा आणि कोठे? पर्यवेक्षण कोण करणार आणि किती वेळा? सराव मराठीत आणि ग्रामीण माणसांबरोबर होणार का? उत्तरे गोलमाल असतील तर इमारत कितीही देखणी असो, पुन्हा विचार करावा.

कार्यकर्त्यांसाठीही एक पथ्य आहे. घरोघरी संपर्क असणे ही त्यांची मोठी शक्ती. तिचा उपयोग ऐकण्यासाठी, सोबत म्हणून दवाखान्यापर्यंत जाण्यासाठी आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारपूस करण्यासाठी व्हावा. ऐकलेले पोटात राहावे. 'जगण्यात राम नाही' अशी भाषा कानी आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी. उपचार आपण करू नयेत. उपचार करणारा आपल्या तालुक्यात घडावा, यासाठी मात्र शिक्षणसंस्थांकडे, शासनाकडे आणि आपल्याच घरातील हुशार मुलामुलींकडे सातत्याने आग्रह धरावा.