मास्तर आणि कौतिक

(रेडिओवरील भाषण)



यंदा मी वाचनाचा एक संकल्प सोडला आहे. महाराष्ट्राच्या एकेका मुलखातली एकेक कादंबरी ओळीनं वाचायची. एक हातावेगळी झाली की मध्ये फार दिवस जाऊ न देता दुसरी उघडायची. या ओघात माणदेशची ‘बनगरवाडी’ आणि वऱ्हाडातली ‘धग’ लागोपाठ वाचून झाल्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची, उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालची. आपण दोन्हींवर ‘ग्रामीण कादंबरी’ अशी चिठ्ठी डकवतो आणि एकाच फळीवर ठेवून देतो. एकापाठोपाठ एक वाचल्या, की त्या किती वेगळ्या आहेत ते कळतं.

‘बनगरवाडी’ची गोष्ट सांगतो राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर त्याची नेमणूक झालेली असते. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं गेलेली. वाडीचा कारभारी त्याला हात देतो आणि हळूहळू शाळा भरू लागते. मग मास्तर वाडीचा होतो. कुणाचा अर्ज लिहायचा, कुणाचं भांडण मिटवायचं, सारं त्याच्याकडं येतं. त्याच्या पुढाकारानं वाडी तालीम बांधते. आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या अशी माणसं थोडक्या रेघांत उभी राहतात. माडगूळकर चित्रकारही होते. कुठली रेघ ओढायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यातला एक प्रसंग पाहा. शेकूला नांगराला दुसरा बैल मिळत नाही. पेरणीचे दिवस तर निघून चाललेले. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते. माडगूळकर इथं हळहळत नाहीत. ते दाखवतात आणि पुढं जातात. मास्तर पाहतो, म्हणून आपणही पाहतो.

आणि इथंच ‘धग’ वेगळी वाट धरते. त्या बाईच्या खांद्याला काय वाटलं, हे ‘बनगरवाडी’ सांगत नाही. ‘धग’ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अशाच एका बाईच्या खांद्याची गोष्ट आहे. तिचं नाव कौतिक. नवरा महादेव जातीनं शिंपी, पण कष्टाला पाठ दाखवणारा. घर चालतं ते कौतिकच्या जिद्दीवर. ती दुसऱ्याच्या शेतात राबते, तोंडानं फटकळ आहे, कुणापुढं सहजी वाकत नाही. धाकट्या नामानं शिकावं, ही तिची आस. थोरला भीमा तिला दुरावतो. महादेवाला रक्तपिती होते. एकेक आधार सुटत जातो आणि अखेर कौतिकचं मनच तिची साथ सोडतं.

‘बनगरवाडी’तही शेवटी सर्वनाश आहे. पाऊस दडी मारतो, माणसं मेंढरं घेऊन वाट फुटेल तिकडं निघतात, वाडी ओस पडते. पण तो दुष्काळ सगळ्यांचा आहे, आभाळातून आलेला आहे, आणि मास्तरला बदली मिळते. त्याच्यापाशी परतीची वाट आहे. वाचकही त्याच्याबरोबर, जड मनानं का होईना, बाहेर पडतो. कौतिकला कुठली आलीय बदली? तिचा दुष्काळ तिच्या एकटीच्या चुलीपाशी आहे. शेजारच्या घरात त्याच वेळी भाकरी थापली जात असते. आपल्या वतीनं पाहणारा कुणी मास्तर शेळक्यांनी ठेवलेला नाही. म्हणून ‘धग’ वाचताना मागं सरायला जागा उरत नाही.

भाषेतही हाच फरक आहे. ‘बनगरवाडी’तलं निवेदन मास्तरच्या स्वच्छ, शिकलेल्या मराठीत, बोली येते ती वाडीकरांच्या तोंडी. ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली त्याच सुमारास माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर रुजू झाले आणि ग्रामीण कार्यक्रमांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. बोललेला शब्द त्यांच्या कानात मुरलेला होता. ‘धग’मध्ये वऱ्हाडी संवाद पानंच्या पानं भरून वाहतात. भांडण, लाडीगोडी, शिवीगाळ, आर्जव, सारं त्या बोलीतच घडतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला पहिली काही पानं अडखळायला होईल. तिथं थांबू नये. ती पानं मोठ्यानं वाचावीत. कान सरावला की कौतिक समोर येऊन बोलू लागते.

यातली श्रेष्ठ कुठली, असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. बांधेसूदपणात ‘बनगरवाडी’ला तोड नाही. इतक्या थोड्या पानांत अख्खं गाव उभं करणं फार थोड्यांना जमलं आहे. पण माणसाच्या आत किती खोल उतरता येतं, या कसोटीवर मी ‘धग’ला वरचं स्थान देतो. मराठी वाचकांत तिचं नाव ‘बनगरवाडी’इतकं घरोघरी पोचलं नाही, याची मला मनापासून खंत आहे.

तेव्हा श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. या दोन्ही कादंबऱ्या वाचा, आणि लागोपाठ वाचा. आधी ‘बनगरवाडी’, मग ‘धग’. मास्तरच्या डोळ्यांनी गाव पाहून झालं, की कौतिकच्या घरात शिरा. दोन्ही पुस्तकं गावच्या वाचनालयात सापडावीत. ‘धग’ नसेल, तर ग्रंथपालांकडं आग्रहानं मागणी नोंदवा.